बावळट बाईचा रोल करून ऑस्कर मिळवलं, आणि वर्षभरात सिनेटसमोर तोच रोल पुन्हा करावा लागला

२९ मार्च १९५१. हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये ऑस्करचा सोहळा रंगात आला होता. पण त्या वर्षी ज्यांच्यावर नजर ठेवावी अशा दोन बायका तिथे नव्हत्याच. त्या बसल्या होत्या जवळपास चार हजार किलोमीटर लांब, न्यूयॉर्कच्या ‘ला झांब्रा’ नावाच्या हॉटेलात. रेडिओला कान लावून.

त्यातली एक होती ग्लोरिया स्वॅन्सन. मूकपटांच्या काळातली महाराणी. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ या सिनेमातून ती इतक्या झोकात परत आली होती की लोक तिलाच विजेती धरून चालले होते. तिला टक्कर देईल तर ‘ऑल अबाउट ईव्ह’मधली बेटी डेव्हिस, असा सगळ्यांचा हिशोब. ‘ऑल अबाउट ईव्ह’ला त्या वर्षी १४ नामांकनं होती, म्हणजे विषयच संपला.

दुसरी होती २९ वर्षांची, सोनेरी केसांची, चिरक्या आवाजाची एक नटी. सिनेमात मुख्य भूमिका करण्याची तिची ही पहिलीच वेळ. तीही विनोदी सिनेमात. विनोदी कामाला ऑस्कर द्यायला तिथले लोक आजही हात आखडता घेतात, तेव्हा तर विचारूच नका.

पाकीट फुटलं आणि नाव आलं ज्युडी हॉलिडे. सिनेमा, ‘बॉर्न यस्टरडे’.

ती तिथे नव्हती म्हणून एथेल बॅरिमोर या ज्येष्ठ अभिनेत्रीने तिच्या वतीने बाहुली स्वीकारली. न्यूयॉर्कच्या त्या टेबलावर ज्युडी, तिच्या शेजारी हरलेली स्वॅन्सन, आणि ती पार्टी देणारा होसे फेरर. फेररला त्याच रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं होतं.

आज स्वॅन्सन आणि डेव्हिस यांच्या त्या भूमिकांचे फोटो सोशल मीडियावर फिरत असतात. ज्युडी हॉलिडे हे नाव मात्र सिनेमाचे पक्के नादी सोडले तर फार कुणाला आठवत नाही. दरवर्षी ऑस्करच्या इतिहासातले चुकीचे निकाल अशी एखादी यादी निघते आणि त्यात तिचं नाव हमखास असतं. दोन दिग्गज बायकांची मतं आपापसात फुटली आणि मधल्या मध्ये हिचं फावलं, असा त्या यादीचा सूर असतो.

तसं समजायला कारणही आहे. पडद्यावर ती इतकी सहज बावळट वाटते, की ही बाई मुळातच अशी असणार असं बघणाऱ्याला वाटतं.

आता मुळात ही बाई कशी होती ते बघू.

ज्युडीचा जन्म २१ जून १९२१ चा, न्यूयॉर्कचा. खरं नाव ज्युडिथ टुविम. घर ज्यू, मूळ रशियातून आलेलं. वडील समाजवादी विचारांचे, संस्थांसाठी निधी गोळा करणारे, चळवळीतले माणूस. आई पियानो शिकवायची. ज्युडी लहान असतानाच दोघं वेगळे झाले आणि एकुलती एक पोर आईजवळ क्वीन्समधल्या सनीसाइड भागात वाढली. पुस्तकांत बुडालेली मुलगी. शाळेतल्या बुद्ध्यांकाच्या चाचणीत तिचा आकडा १७२ आला होता, असं सांगितलं जातं. असल्या आकड्यांवर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, पण तिला ओळखणाऱ्या कुणीही तिला कधी बावळट म्हटलं नाही, हे नक्की.

शाळा संपल्यावर तिला नाटकात जायचं होतं. अभिनय करायला नाही, लिहायला आणि दिग्दर्शन करायला. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्स आणि जॉन हाउसमन यांच्या मर्क्युरी थिएटरचा दबदबा होता. तिथे तिला काम मिळालं टेलिफोनच्या स्विचबोर्डवर. वायरी खोचायच्या, फोन जोडून द्यायचे, बस.

१९३८ च्या सुमारास ग्रिनिच व्हिलेजमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबमध्ये तिने चार मित्रांबरोबर एक टोळकं जमवलं. नाव ‘द रिव्ह्यूअर्स’. त्यात बेटी कॉमडेन होती, अ‍ॅडॉल्फ ग्रीन होता. दुसऱ्यांचं लेखन वापरायचं तर हक्काचे पैसे द्यावे लागणार आणि खिशात दमडी नाही, म्हणून ही मंडळी स्वतःच गाणी आणि प्रहसनं लिहायची. वर्तमानपत्रं, सिनेमे, नाटकं, पुढारी, सगळ्यांची टर उडवायची. कधीकधी पियानोवर ग्रीनचा एक मित्र बसायचा, त्याचं नाव लेनर्ड बर्नस्टाइन. पुढे हाच माणूस अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला संगीतकार झाला. कॉमडेन आणि ग्रीन यांची जोडी ब्रॉडवेवर आणि हॉलिवूडमध्ये गाजली. ही नावं लक्षात ठेवा, पुढे एका वेगळ्याच ठिकाणी ती भेटणार आहेत.

१९४४ मध्ये या टोळक्याला हॉलिवूडचं बोलावणं आलं. त्यांचं काम सिनेमातून जवळजवळ सगळं कापलं गेलं. ज्युडीला मात्र ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ठेवून घेतलं आणि तिचं आडनाव बदललं. टुविम या आडनावात हिब्रूतल्या सणाच्या दिवसाचा शब्द दडलेला आहे, त्याचं इंग्रजी झालं हॉलिडे. दोन-तीन किरकोळ भूमिका देऊन फॉक्सने तिची बोळवण केली. ती न्यूयॉर्कला परतली आणि १९४५ मध्ये ब्रॉडवेवरच्या पहिल्याच नाटकात छोट्याशा भूमिकेसाठी तिला क्लॅरन्स डरवेंट पुरस्कार मिळाला.

आणि मग आलं ‘बॉर्न यस्टरडे’.

गार्सन कॅनिन या लेखकाने हे नाटक लिहिलं. युद्ध नुकतंच संपलं होतं, सरकारी ठेक्यांवर गब्बर झालेली नवी जमात वॉशिंग्टनमध्ये फिरत होती. कॅनिनचा नायक म्हणा किंवा खलनायक म्हणा, हॅरी ब्रॉक हा त्यातलाच एक. भंगाराच्या धंद्यात कोट्यधीश झालेला, आडदांड, अडाणी, ओरडल्याशिवाय बोलता न येणारा. तो राजधानीत येतो, महागड्या हॉटेलचा अख्खा मजला घेतो. काम एकच. आपल्या धंद्याला सोयीचा कायदा करून घ्यायचा. त्यासाठी एक लोकप्रतिनिधी आधीच खिशात घातलेला आहे आणि एकेकाळी नावाजलेला पण आता दारूत बुडालेला एक वकील पगारावर ठेवलेला आहे.

लॉबिंग म्हणजे काय हे समजून घ्यायला यापेक्षा सोपा धडा नाही. सरकारकडे आपलं म्हणणं मांडणं हा अमेरिकेत प्रत्येकाचा हक्क आहे, तो तिथल्या घटनेतच आहे. शेतकऱ्यांची संघटना मांडते, कामगारांची मांडते, कंपन्याही मांडतात. घोळ होतो तो मांडणं कुठे संपतं आणि विकत घेणं कुठे सुरू होतं या रेषेवर. नाटक ब्रॉडवेवर आलं ४ फेब्रुवारी १९४६ ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने पहिल्यांदा एक सर्वसाधारण कायदा केला, की पैसे घेऊन संसदेत लॉबिंग करणाऱ्यांनी आपलं नाव नोंदवावं आणि हिशोब दाखवावा. म्हणजे प्रेक्षक थिएटरात हसत होते तेव्हा हा प्रश्न खरोखरच टेबलावर होता.

तर या ब्रॉकबरोबर त्याची मैत्रीण आहे, बिली डॉन. नाटक कंपनीत मागे नाचणारी पोरगी. चकचकीत कपडे, कर्कश आवाज, डोक्यात काही नाही, असा सगळ्यांचा समज. ब्रॉकने कर आणि कायदा चुकवायला आपल्या बऱ्याच कंपन्या कागदोपत्री तिच्या नावावर केल्या आहेत. वकील कागद पुढे करतो, ती सही करते. काय आहे ते विचारत नाही. राजधानीतल्या बड्या लोकांसमोर ही बाई लाज काढेल म्हणून ब्रॉक एका पत्रकाराला पगार देतो आणि तिला जरा शहाणं करायला सांगतो.

पत्रकार तिला पुस्तकं देतो, वर्तमानपत्रं देतो. ती शब्दकोश घेऊन बसते. जेफरसनचं स्मारक बघते, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन देशाची घटना बघते. आणि एक दिवस समोर आलेला कागद सही करण्याआधी वाचायला मागते.

बस, तिथून ब्रॉकचा खेळ फिरतो.

आपल्याकडे पु. ल. देशपांडेंची ‘ती फुलराणी’ सगळ्यांना ठाऊक आहे. बर्नार्ड शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वरून ती आली, त्याच घराण्यातलं हे नाटक. पण एक फरक आहे आणि मला तो फार आवडतो. फुलराणीची भाषा बदलते. बिलीची बदलत नाही. शेवटपर्यंत तिचा आवाज तसाच चिरका राहतो. सुधारते ती फक्त तिची वाचायची सवय.

खरं तर ही भूमिका ज्युडीची नव्हतीच. ती जीन आर्थर या मोठ्या अभिनेत्रीसाठी होती. जीन आर्थर म्हणजे ‘मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’ची नायिका. पण ब्रॉडवेला पोचण्याआधी बाहेरगावच्या प्रयोगांतच तिने तब्येतीच्या कारणाने नाटक सोडलं. फिलाडेल्फियाचा प्रयोग तोंडावर. कुणीतरी ज्युडीचं नाव सुचवलं. तिने तीन दिवसांत सगळी भूमिका पाठ केली आणि उभी राहिली. न्यूयॉर्कला पडदा वर गेला तेव्हा ती रातोरात स्टार झाली. नाटकाचे १६४२ प्रयोग झाले.

कोलंबिया पिक्चर्सचा मालक हॅरी कोहन याने सिनेमाचे हक्क १० लाख डॉलरला घेतले. आता तुम्हाला वाटेल ज्युडीचं ठरलंच. छे! कोहनला रीटा हेवर्थ हवी होती. ज्युडी त्याच्या लेखी हिरोईनच्या साच्यात बसणारी नव्हती. स्टेजवर ठीक आहे, पडद्यावर कोण बघणार, असा त्याचा एकंदर विचार. गंमत म्हणजे हा कोहन स्वतः इतका आरडाओरडा करणारा आणि लोकांना कस्पटासमान वागवणारा होता, की हॅरी ब्रॉकचं पात्र कॅनिनने त्याच्यावरूनच घेतलं असं हॉलिवूडमध्ये बोललं जायचं. नाव पण हॅरीच.

मग कॅथरिन हेपबर्नने एक डाव टाकला. गार्सन कॅनिन आणि त्याची बायको रूथ गॉर्डन यांनी लिहिलेल्या ‘अ‍ॅडम्स रिब’ (१९४९) या सिनेमात हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी नायक-नायिका होते, दिग्दर्शक जॉर्ज क्युकर. नवऱ्यावर गोळी झाडणाऱ्या बाईची भूमिका या सगळ्यांनी मिळून ज्युडीला दिली. त्यात तुरुंगातला एक लांबलचक प्रसंग आहे. वकील झालेली हेपबर्न प्रश्न विचारते, ज्युडी उत्तरं देते. काही मिनिटं एकही कट नाही. कॅमेरा ज्युडीच्या चेहऱ्यावर, आणि हिरोईन असलेली हेपबर्न बाजूला. म्हणजे एका कंपनीच्या सिनेमात दुसऱ्या कंपनीच्या मालकासाठी घेतलेली ही स्क्रीन टेस्टच होती. लोक तिच्याबद्दल बोलायला लागले आणि कोहनला माघार घ्यावी लागली.

इतक्या मोठ्या हिरोईनने स्वतःच्या सिनेमात नव्या मुलीला असं पुढे करणं ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती.

‘बॉर्न यस्टरडे’ डिसेंबर १९५० मध्ये आला. ब्रॉक झाला होता ब्रॉडरिक क्रॉफर्ड, ज्याने आदल्याच वर्षीचं अभिनयाचं ऑस्कर जिंकलं होतं. पत्रकार होता विल्यम होल्डन. दिग्दर्शक पुन्हा क्युकर. सिनेमाला पाच नामांकनं मिळाली. सर्वोत्कृष्ट सिनेमा, दिग्दर्शन, पटकथा, वेशभूषा आणि ज्युडी. त्याआधी फेब्रुवारीत गोल्डन ग्लोब झाले होते, तिथे गंभीर भूमिकेचा पुरस्कार स्वॅन्सनला आणि विनोदी भूमिकेचा ज्युडीला, अशी सरळ वाटणी झाली होती. ऑस्करमध्ये अशी सोय नाही. तिथे सगळे एकाच ताटात.

पाचांपैकी एकच पुरस्कार मिळाला आणि तो मिळाला ज्युडीला.

मिळायला हवा होता का? ज्याला शंका असेल त्याने सिनेमातला पत्त्यांचा डाव बघावा. बिली आणि ब्रॉक जिन रमी खेळतायत. संवाद जवळपास नाहीत. ती पानं लावते, सिगारेट नीट करते, गुणगुणते, पानं पुन्हा लावते, आणि समोरच्या कोट्यधीशाला हातोहात लोळवते. पुढे दीड तासात काय होणार आहे ते सगळं त्या डावात आहे. ही बाई मूर्ख नाही, हिला कुणी आजवर कामाचं काही विचारलंच नाही, हे ती एक शब्द न बोलता सांगते. स्वॅन्सनची भूमिका भव्य आहे, डेव्हिसची धारदार आहे, पण हे काम त्या दोन्हींपेक्षा सोपं नव्हतं. ते सोपं दिसलं, आणि त्याचा तोटा तिलाच झाला.

इथपर्यंत ही एका नटीच्या यशाची गोष्ट आहे. पण त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये रेडिओ ऐकताना ज्युडीच्या डोक्यावर आणखी एक टांगती तलवार होती.

जून १९५० मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली होती. त्यात रेडिओ, टीव्ही आणि करमणुकीच्या धंद्यातल्या १५१ लोकांची नावं होती. हे लोक कम्युनिस्टांचे हस्तक किंवा सहानुभूतीदार आहेत असा त्या यादीचा रोख. पुरावा म्हणजे कोण कुठल्या सभेला गेलं, कुणी कुठल्या पत्रकावर सही केली, कुणी कुठल्या निधीला नाव दिलं. यादीत ऑर्सन वेल्स होता, आर्थर मिलर होता. व्हिलेज व्हॅनगार्डचा तो पियानोवाला लेनर्ड बर्नस्टाइन होता. आणि ज्युडी हॉलिडे होती.

अमेरिकेत तेव्हा लाल बागुलबुवाचं वारं सुटलं होतं. हॉलिवूडचे दहा लेखक-दिग्दर्शक संसदेच्या समितीला उत्तर द्यायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेले होते. ज्युडीच्या ऑस्करच्या आठ दिवस आधी, २१ मार्च १९५१ ला, लॅरी पार्क्स या नटाची समितीने उलटतपासणी घेतली होती. आणि ऑस्करच्या रात्री तिच्या टेबलावर बसलेला होसे फेरर पुढच्या दोन महिन्यांत त्याच समितीसमोर उभा होता.

‘बॉर्न यस्टरडे’वर तर दुहेरी राग. पैसेवाल्यांनी कायदे विकत घेण्याची टिंगल म्हणजे साम्यवादाचा प्रचार, असं एका कॅथलिक वृत्तपत्राच्या समीक्षकाने लिहून टाकलं. काही थिएटरबाहेर कॅथलिक माजी सैनिकांच्या संघटनेने निदर्शनं केली. एफबीआयने तिची चौकशी केली, पक्षाची सदस्य असल्याचा पुरावा सापडला नाही. कोलंबियाने आपली गुंतवणूक वाचवायला म्हणून, अशा याद्या काढणाऱ्या गोटातल्याच एका माणसाला पैसे देऊन तिचं नाव साफ करायला नेमलं. तुम्ही बरोबर वाचलंत. याद्या काढणं हा धंदा होता आणि याद्यांतून नाव काढणं हाही.

२६ मार्च १९५२. ऑस्करला वर्ष व्हायला तीन दिवस कमी. ज्युडी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीसमोर हजर झाली. अध्यक्ष सिनेटर पॅट मॅकॅरन. बरोबर वकील सायमन रिफकिंड, जे आधी न्यायाधीश होते.

तिच्यापुढे मार्ग होते तीन. काही बोलायचं नाही, म्हणजे करिअर संपलं. मित्रांची नावं घ्यायची, म्हणजे त्यांची करिअर संपली. तिसरा मार्ग तिने निवडला. ती बिली डॉन झाली.

तोच आवाज, तोच गोंधळलेला चेहरा. सिनेटर तारीख विचारतात, ती भलतीकडेच जाते. संस्थेचं नाव विचारतात, तिला ते नीट आठवत नाही. लोक फोन करायचे, चांगल्या कामासाठी नाव द्या म्हणायचे, मी हो म्हणायचे, असा सगळा पाढा. कॉमडेन आणि ग्रीनबद्दल विचारलं तेव्हा मात्र गोंधळ नव्हता, ती त्यांच्या बाजूने ठाम राहिली. शेवटी समितीच्या हाती एकही नाव लागलं नाही. मोठमोठे लोक त्या काळात कोसळत होते. पंधराच दिवसांनी, १० एप्रिलला, एलिया कझान या दिग्गज दिग्दर्शकाने संसदेच्या दुसऱ्या समितीसमोर आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली.

हा किस्सा सांगताना बरेच जण टाळ्या वाजवून मोकळे होतात, की बघा कशी सिनेटरांना गंडवून आली. पण मला त्यात दुसरं काही दिसतं. ‘बॉर्न यस्टरडे’मध्ये बिली शहाणी होते ती कधी? वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणते तेव्हा. आणि सिनेटसमोर ज्युडीला स्वतःला वाचवायला सांगावं काय लागलं? की मी न वाचता, न विचारता नाव देत गेले. समाजवादी बापाच्या घरात वाढलेल्या, पुस्तकांत रमणाऱ्या बाईने देशाच्या कायदेमंडळात शपथेवर स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलं. सप्टेंबरमध्ये ती साक्ष जाहीर झाली आणि तिला कुणीतरी फसवलं होतं अशा बातम्या सगळीकडे छापून आल्या. मित्र वाचले, सिनेमे चालू राहिले. टीव्ही आणि रेडिओची दारं मात्र पुढे बराच काळ तिच्यासाठी बंदच राहिली.

त्याच नोव्हेंबरात तिला मुलगा झाला. १९४८ मध्ये तिने डेव्हिड ओपनहाइम या क्लॅरिनेट वाजवणाऱ्या संगीतकाराशी लग्न केलं होतं. हे लग्न पुढे टिकलं नाही.

सिनेमे येत राहिले. १९५४ चा ‘इट शुड हॅपन टु यू’ तर आजच्या रील्सवाल्यांनी आवर्जून बघावा. नोकरी गेलेली एक मुलगी साठवलेल्या पैशातून न्यूयॉर्कच्या चौकात मोठा जाहिरात फलक भाड्याने घेते आणि त्यावर फक्त स्वतःचं नाव लिहिते. ना वस्तू, ना सेवा, नुसतं नाव. आणि ती प्रसिद्ध होते. कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नाही. जॅक लेमनची सिनेमातली ही पहिली मोठी भूमिका.

मग १९५६ मध्ये ‘द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक’. म्हणजे ज्युडी पुन्हा कंपन्या आणि सरकार यांच्या साट्यालोट्यावर आली. एका अजस्र कंपनीची वार्षिक सभा चालू आहे. संचालक सगळं आवाजी होकाराने उरकून जेवायला जायच्या घाईत. तेवढ्यात दहा शेअरची मालकीण असलेली एक बाई उभी राहते आणि विचारते, की अध्यक्षांना इतका पगार कशाबद्दल? तिचं तोंड बंद करायला संचालक तिला कंपनीतच नोकरी देतात, छोट्या भागधारकांच्या पत्रांना उत्तरं लिहायची. तीच चूक त्यांना नडते. कंपनीचा जुना प्रमुख आता वॉशिंग्टनमध्ये सरकारी पदावर गेलेला आहे, त्याच्याकडून सरकारी ऑर्डरी कशा काढायच्या या विवंचनेत संचालक आहेत, आणि इकडे देशभरातले छोटे भागधारक या बाईला आपल्या मताचे अधिकार पाठवत सुटतात. जुना प्रमुख झाला होता पॉल डग्लस, म्हणजे ‘बॉर्न यस्टरडे’ नाटकातला मूळ हॅरी ब्रॉक. रंगभूमीवर हीच भूमिका जोसेफिन हल या वयस्कर अभिनेत्रीने केली होती, ज्युडी तेव्हा जेमतेम पस्तिशीची.

या सिनेमालाही ऑस्कर मिळालं. कशाला, तर वेशभूषेला. सभेत उभं राहून हिशोब मागणाऱ्या बाईच्या सिनेमातले कपडे लोकांना आवडले.

त्याच वर्षी व्हिलेज व्हॅनगार्डचे जुने मित्र परत आले. कॉमडेन आणि ग्रीन यांनी खास ज्युडीसाठी संगीत नाटक लिहिलं, ‘बेल्स आर रिंगिंग’. नायिका कोण? लोकांचे फोन घेऊन निरोप ठेवणारी टेलिफोन ऑपरेटर. मर्क्युरी थिएटरच्या स्विचबोर्डवरून निघालेली मुलगी वीस वर्षांनी ब्रॉडवेच्या स्विचबोर्डवर बसली. ९२४ प्रयोग झाले. १९५७ चा टोनी पुरस्कार तिला मिळाला, तोही ‘माय फेअर लेडी’च्या ज्युली अँड्र्यूजला मागे टाकून. म्हणजे पिग्मॅलियनची खरी फुलराणी समोर असताना. १९६० मध्ये त्याचा सिनेमा आला, तो तिचा शेवटचा.

त्याच वर्षी ‘लॉरेट’ नावाच्या गंभीर नाटकाच्या तालमी चालू होत्या. विनोदी बाई हा शिक्का पुसायची ही संधी होती. बाहेरगावचे प्रयोग सुरू झाले आणि तिचा आवाज बसायला लागला, तब्येत ढासळली. नाटक ब्रॉडवेला न पोचताच बंद झालं. तपासण्यांत स्तनाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली. बरी झाल्यावर जॅझ सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन याच्याबरोबर तिने गाण्यांची एक रेकॉर्ड केली, काही गाण्यांचे शब्द तिचे स्वतःचे. ती रेकॉर्ड बाजारात आली १९८० मध्ये. १९६३ मध्ये ‘हॉट स्पॉट’ या संगीत नाटकातून ती ब्रॉडवेवर परतली, ते ४३ प्रयोगांत आटोपलं. कर्करोग परत आला होता.

७ जून १९६५ ला न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये ज्युडी हॉलिडे गेली. ४४ वा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

अमेरिकेत दरवर्षी जतन करण्यासारखे काही सिनेमे निवडून राष्ट्रीय नोंदवहीत घातले जातात. २०१२ च्या निवडीत ‘बॉर्न यस्टरडे’ होता. ही निवड जाहीर करते लायब्ररी ऑफ काँग्रेस, जिथे बिली डॉन पहिल्यांदा देशाची घटना बघायला गेली होती.